खान्देशातल्या जंगलाची नोंदवही: वर्षानुवर्षे टिकणारी जैवविविधता-नोंदणी कशी उभारावी

रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर दिसेनासं झालं, ते थेट १९९७ साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडलं. एवढी गोष्ट खान्देशातल्या बहुतेक पक्षीमित्रांना पाठ असते. तिच्यातला चिठ्ठीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. रिचर्ड मायनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला एक जुना नमुना उचलला, त्याला '१९१४, मांडवी, गुजरात' अशी खोटी चिठ्ठी लावली आणि तो स्वतः गोळा केला म्हणून खपवला. पुढची कित्येक वर्षं ती चिठ्ठी खरी मानली गेली आणि शोध चुकीच्या दिशेला गेला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांनी ही नोंद बाजूला ठेवली, खरे नमुने जिथून आले होते ती जुनी ठिकाणं धरली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पक्षी समोर आला.

म्हणजे एक खोटी चिठ्ठी कित्येक वर्षं खाऊ शकते आणि शंभर वर्षांपूर्वीची एक खरी नोंद आजही वाट दाखवते. यावल (१९६९), अनेर (१९८६) आणि गौताळा-औट्रमघाट (१९८६) ही अभयारण्यं, मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र (२०१४), किंवा सामूहिक वनहक्क मिळालेलं तुमच्या गावाचं जंगल, यांपैकी कुठेही काम करायचं असेल तर मोठी यादी करण्यापेक्षा छोटी पण न तुटणारी नोंद ठेवा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी प्रश्न, मग वही

'आमच्या जंगलात काय काय आहे' हा प्रश्न पहिल्या वर्षी छान वाटतो. यादी होते, पोस्टर होतं, पुढे काही होत नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने जी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तिचंही बऱ्याच ठिकाणी असंच झालं आहे. एकदा भरली, कपाटात गेली. ती टाकाऊ नाही. तुमच्या कामाचं पहिलं पान म्हणून ती वापरा, पण तिला नोंदणी समजू नका.

नोंदणीचा प्रश्न बदलाबद्दल असतो. अंजन आणि सालईची नवी रोपं मोठी होतायत की नुसतीच उगवून मरतायत? चराई बंद केलेल्या भागात गवत आणि झुडपं कशी बदलली? नाल्यातलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? वणवा दरवर्षी त्याच उतारावर लागतो का? असे तीन-चार प्रश्न निवडा. प्रत्येकाला एकच विचारा: याचं उत्तर मिळालं तर आपण काही वेगळं करणार आहोत का? नसेल तर तो प्रश्न काढून टाका. फुलपाखरं, कोळी, बुरशी यांचा मोह होतो, पण ओळखणारं माणूस गावात किंवा जवळच्या कॉलेजात कायमचं नसेल तर त्यांना हात लावू नका.

परवानगी आणि माणसं

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ नुसार परवाना लागतो. तो देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. अर्ज संबंधित वन्यजीव विभागाच्या कार्यालयामार्फत करा. त्यात वाटा, महिने, पद्धत आणि माणसांची नावं स्पष्ट लिहा, आणि नोंदींची प्रत दरवर्षी देऊ असंही लिहून द्या. सामूहिक वनहक्काच्या जंगलात ग्रामसभेचा ठराव घ्या. तोंडी होकारावर काम सुरू केलं की पहिला वाद झाला त्या दिवशी ते थांबतं.

माणसांचं गणित मात्र परवान्यापेक्षा अवघड आहे. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पाड्यांतली बरीच कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला बाहेर जातात, उन्हाळ्यात परततात. जंगल सगळ्यांत चांगलं ओळखणारी माणसं नेमकी हिवाळ्याच्या मोजणीला गावात नसतात. वनरक्षकांच्या बदल्या होतात. कॉलेजची मुलं पदवी झाली की पुण्या-नाशिकला. म्हणून प्रत्येक वाटेला दोन माणसांची जोडी नेमा: एक गावातच राहणारी, एक बाहेरची. जोडीतला एक गेला तर उरलेल्याने नव्याला किमान एक पूर्ण फेरी सोबत घेऊनच वही हातात द्यायची. गावात राहणाऱ्यांत बाया जास्त असतात. सरपण, मोह, चारोळी, रानभाज्या यांच्यामुळे कुठलं झाड कधी फुटतं आणि कुठला झरा कधी आटतो हे त्यांना कुणापेक्षाही नेमकं ठाऊक असतं. तरी प्रशिक्षणाला पुरुषांनाच बोलावण्याची आपली खोड जात नाही. दिवसाची मजुरी बुडते, तिचे पैसे द्या. स्वयंसेवेच्या नावाखाली आदिवासी माणसाला फुकट राबवून कुठलीच नोंदणी पाच वर्षं टिकत नाही.

तारखा ठरवताना गावाचं वर्ष बघा. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार असतात. तेव्हा पावरा पाड्यांवरून तुमच्याबरोबर डोंगरात कोणी येणार नाही, आणि येऊही नये. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवसही सोडा.

वाटा आणि चौकोन कुठे टाकायचे

रस्त्याकडेचं, विश्रामगृहाजवळचं, दाट आणि देखणं जंगल निवडण्याची चूक सर्रास होते. तिथली नोंद तिथल्यापुरतीच खरी. आधी नकाशावर जंगलाचे ढोबळ प्रकार पाडा: सागवन, सालई-अंजनचे कोरडे उतार, नदी-नाल्याकाठचा हिरवा पट्टा, आणि शेताला लागलेली कड. यावलसाठी सुकी नदीचं खोरं आणि वरचे उतार असे भाग सहज वेगळे दिसतात. प्रत्येक प्रकारात किमान दोन जागा घ्या आणि त्या चिठ्ठ्या टाकून निवडा. नकाशावर चौकटी आखून क्रमांक दिले की हे काम शाळेतली मुलंही करतील. निवडलेली जागा कड्यावर निघाली तर पुढची चिठ्ठी उचला, पण 'इथे काही दिसत नाही' म्हणून जागा बदलायची नाही.

मोबाइलवरचा जीपीएस झाडीखाली आणि घळीत काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. म्हणून त्याच्या जोडीला ठळक खूण हवी: मोठा खडक, नाल्याचा वळसा, कोपऱ्यावर रोवलेला दगड. लोखंडी खुंट्या चोरीला जातात. प्रत्येक जागेच्या एका कोपऱ्यावरून उत्तरेकडे तोंड करून एक फोटो काढा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवरून तोच फोटो घ्या. दहा वर्षांनी आकडेवारी न वाचणाऱ्या माणसालाही हे फोटो समजतात.

झाडं: सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं

मोठ्या झाडांसाठी १० मी. × १० मी. चा चौकोन, त्यात झुडपं आणि रोपट्यांसाठी ५ × ५ चा, आणि गवत व कोवळ्या रोपांसाठी १ × १ चे काही. उतारावर दोरी जमिनीला टेकवून नाही, आडवी ताणून धरायची, नाहीतर चौकोन छोटा पडतो. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने धरा. सोबत त्या मापाची काठी ठेवली की वाद नको. झाडाला क्रमांक देताना खिळा ठोकू नका. साध्या टेपने मोजा आणि चौकोनाच्या कोपऱ्यापासून झाडाचं अंतर व दिशा वहीत लिहा.

खरी माहिती मोठ्या झाडांत नसते, लहान रोपांत असते. साग, धावडा, मोह, तेंदू, चारोळी यांची उंच झाडं आहेत, पण गुडघ्यापर्यंतचं रोप नाही, असं जंगल वरून हिरवं दिसत असलं तरी म्हातारं होत चाललेलं असतं. म्हणून प्रत्येक जातीची रोपं तीन उंचींत मोजा: गुडघ्याखाली, गुडघा ते छाती, छातीवर. यात एक खान्देशी पेच आहे. सालई आणि अंजन यांची रोपं पहिली बरीच वर्षं पावसाळ्यात वर येतात आणि उन्हाळ्यात जमिनीवरून वाळून जातात. मुळं आत जगत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. सप्टेंबरात मोजलेली शंभर रोपं मे महिन्यात दहा दिसतील, आणि ती मेलीत असा निष्कर्ष काढाल तर फसाल. रोपांची मोजणी पावसाळा संपता संपता, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला करा आणि दरवर्षी तोच पंधरवडा पाळा.

त्याच फेरीत प्रत्येक चौकोनात चार खुणा बघा: कुऱ्हाडीचा घाव किंवा ताजा खुंट, शेळ्या-गुरांनी कुरतडलेले शेंडे, जळालेली साल, आणि घाणेरी (टणटणी) या बाहेरून आलेल्या झुडपाचा पसरलेला भाग. घाणेरी किती आहे हे 'खूप' किंवा 'थोडी' असं न लिहिता, चौकोनाचा पाव, अर्धा की पाऊण भाग तिने व्यापला ते लिहा. वाळलेली पण उभी असलेली झाडं आणि ढोली असलेली झाडंही मोजा. ती कोणासाठी, ते पुढे.

पक्षी आणि रानपिंगळा

पक्ष्यांसाठी ठरलेले थांबे ही सोपी पद्धत. एकमेकांपासून किमान २५० मीटरवर आठ-दहा थांबे ठरवा. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर दोन मिनिटं शांत उभं राहा, मग दहा मिनिटं दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी नोंदवा, साधारण ५० मीटरच्या आतला की बाहेरचा तेही लिहा. सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास. हिवाळ्यात एकदा, आणि उन्हाळा ते पहिला पाऊस या काळात एकदा. मोजणारे दरवर्षी बदलत असतील तर आकडे जंगलापेक्षा माणसांच्या कानांबद्दलच जास्त सांगतात, म्हणून जोडीतला एक तरी तोच ठेवा. पाणथळ जागांसाठी वेगळी युक्ती शोधायची गरज नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तापीवरच्या हतनूर जलाशयासारख्या ठिकाणी तिच्याच पद्धतीने मोजलं की तुमचा आकडा इतर तलावांशी ताडून बघता येतो.

रानपिंगळ्यासाठी मात्र थांबून बघावं लागतं. नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा गावातल्या वडावरही असतो आणि दोघांत गल्लत होते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी तपकिरी-राखाडी असतो, ठिपके नसल्यासारखेच. ठिपकेवाल्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक. रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा खालचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पाय पिसांनी झाकलेले आणि नख्या शरीराच्या मानाने दांडग्या. तो दिवसा शिकार करतो. हिवाळ्यातल्या सकाळी उघड्या, पानं गळालेल्या झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला असेल तर त्याची शेपटी मधूनमधून झटका देते. सरडे, उंदीर, मोठे किडे हे त्याचं खाणं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो २०१८ पर्यंत 'अतिसंकटग्रस्त' होता, आता 'संकटग्रस्त' आहे.

त्याचं घरटं जुन्या झाडांच्या नैसर्गिक ढोलीत असतं. म्हणून वर ढोलीची आणि वाळलेली झाडं मोजायला सांगितली. 'वाळलेलं आहे, नेऊ दे' म्हणून जी झाडं जंगलातून निघून जातात, ती त्याची घरं आहेत. विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. फोटो मिळतो, पण पक्षी अंडी सोडून भांडायला येतो. घरट्याची जागा मोबाइल ग्रुपवर टाकायची नाही, वहीतही चौकटीचा क्रमांकच लिहायचा, नेमकी जागा वेगळ्या पानावर वनरक्षक आणि गटप्रमुखाकडे. घुबडांवरच्या अंधश्रद्धेमुळे त्यांना अजूनही धोका आहे, हे विसरून चालणार नाही.

सस्तन प्राणी: खुणा, कॅमेरा आणि बुद्धपौर्णिमा

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून होणारी प्रगणना लोकांना जंगलाजवळ आणते, एवढं तिचं श्रेय नक्की. पण त्या रात्री किती प्राणी दिसले यावरून संख्या वाढली-घटली म्हणणं चुकीचं. वळवाचा पाऊस आला, दोन डबकी भरली, की प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत. आकडा पावसाचा असतो, प्राण्यांचा नाही. वाघांच्या पंजाच्या ठशांवरून मोजणीची जुनी पद्धतही राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ संपल्याचं उघड झाल्यावर सोडून देण्यात आली.

गावगटासाठी खुणांची वाट सगळ्यांत परवडणारी. दोन किलोमीटरची ठरलेली वाट, दोन माणसं, मोसमात तीन फेऱ्या. विष्ठा, पाऊलखुणा, ओरखडे, अस्वलाने उकरलेली वारुळं, प्रत्यक्ष दर्शन. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वनखात्याचेच आणि त्यांच्याच देखरेखीत लावा. लावताना पायवाटेपासून तीन-चार मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, समोरचं गवत काढून, आणि तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे नको. कॅमेऱ्यात सरपणाचा भारा घेतलेली बाईही येते. माणसांचे फोटो कोण बघणार, कधी पुसणार, हे कॅमेरा लावण्याआधी ग्रामसभेत सांगा. हे न सांगता लावलेले कॅमेरे फुटतात, आणि त्यात नवल काही नाही.

मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वलं झाडाखाली असतात. त्या काळात वाटेवर उशिरा निघा, बोलत चाला. सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) कोणत्या रुग्णालयात मिळतं ते आधीच विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पाणी आणि वणवा

पाण्याची नोंद कोणीही करू शकतं. नाल्याचे ठरलेले चार-पाच डोह, दर पंधरवड्याला एक ओळ: वाहतं, साचलेलं, की कोरडं. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा भूजल भरण्यासाठी महत्त्वाचा आहे आणि खाली यावल-रावेरच्या केळीच्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात. ही नोंद शेतकऱ्यांसमोर ठेवा. ज्याने कधी पक्षी पाहिला नाही तोही ती लक्ष देऊन वाचतो.

वणव्यासाठी भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची उपग्रहाधारित सूचना मोबाइलवर मिळते, तिथे नाव नोंदवा. उपग्रहाला प्रत्येक लहान आग दिसतेच असं नाही, म्हणून गावाची नोंद वेगळी हवी: तारीख, जागा, किती भाग, आणि कळलं तर कारण. फेब्रुवारीपासून मोहाखालचा पाचोळा साफ करायला लावलेली आग पसरते हे सगळ्यांना माहीत आहे. कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी आग कळवणारच नाही. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली की पाचोळा जाळायची गरज उरत नाही. असं ज्या पाड्यात केलं तिथल्या आगींची संख्या दोन-तीन वर्षं ताडून बघा.

वहीचं एक पान

पान कसं दिसावं याचा नमुना, आकडे समजण्यापुरते:

*वाट क्र. ३, सालईचा उतार. १४ जानेवारी. सकाळी ६.५० ते ८.४०. आभाळ स्वच्छ, वारा नाही. दोघे. चाललेलं अंतर २ किमी. भेकर: प्रत्यक्ष १, लेंड्या २ ठिकाणी. बिबट्या: विष्ठा १, जुनी. अस्वल: काही नाही. रानपिंगळा: नाही. ताजे खुंट: २, साग. शेळ्या: हो.*

'काही नाही' ही नोंद सोडू नका. रकाना रिकामा ठेवला तर पाच वर्षांनी कळत नाही की अस्वल नव्हतं की बघणारा विसरला. अंतर आणि वेळ तितकीच महत्त्वाची. समजा पहिल्या वर्षी २४ किमी चाललात आणि भेकर ६ वेळा दिसलं, दुसऱ्या वर्षी पावसामुळे १२ किमीच झालं आणि ४ वेळा दिसलं. नुसते आकडे सांगतात घट. दर किलोमीटरला मात्र ०.२५ वरून ०.३३. दोन वर्षांच्या अशा फरकावरही उड्या मारू नका, इतक्या कमी दर्शनांत नशिबाचा वाटा मोठा असतो. कल दिसायला पाच-सहा वर्षं तरी हवीत.

नाव लिहिताना स्थानिक नाव सांगणाऱ्याच्या बोलीत जसं ऐकलं तसं, मग मराठी, मग शास्त्रीय. खात्री नसेल तर फोटो काढा आणि 'अनोळखी १' लिहा. अंदाजाने नाव टाकणं म्हणजे छोटी मायनर्टझहागेनगिरीच. पान भरलं की त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो, महिन्याच्या आत एक्सेलमध्ये, आणि प्रत तीन ठिकाणी: गाव, वनखातं, कॉलेज. मूळ पानावर खाडाखोड नाही. चूक असेल तर एक रेघ, बाजूला दुरुस्ती, तारीख आणि सही.

नोंदींचं पुढे काय

वर्षातून एक सभा ठेवा, गावातच, पावसाळ्याच्या आधी, म्हणजे लागवड, चराईबंदी, पाणवठा दुरुस्ती यांचे निर्णय वेळेत होतात. काय दिसलं तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, एखाद्या भागात सलग तीन वर्षं छातीवरची रोपं मिळाली नाहीत तर त्या भागात दोन पावसाळे चराई बंद. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून जंगल परत उभं केलं, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे जाऊन बघण्यासारखं खूप आहे, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की नियम गावाने केले आणि गावानेच पाळले. बाहेरच्या अहवालाने चराई थांबत नाही.

सभेत आकडे वाचून दाखवू नका. फोटो लावा, डोहांचा तक्ता लावा, आणि ज्या जोडीने वाट चालली तिलाच बोलू द्या. सभा संपण्याआधी पुढच्या मोजणीच्या तारखा आणि जोड्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.